एका शब्दात कळव

तीर्थरूप आत्या,

गुणांचा नोकरीला उपयोग होतो का? "हो की नाही, एका शब्दात कळव, म्हणजे धाकटीचं काय ते ठरवता येईल," असं तू लिहिलं आहेस. आत्या, मला ते सांगता येत नाही. घरातली पहिली पदवीधर, वर्गात वर आलेली मुलगी इतक्या साध्या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही, यावर तू काय म्हणशील ते मला इथे बसून ऐकू येतं आहे. तरी आधी नमस्कार घे. (मनातल्या मनातच केला आहे. माझी मान सध्या खाली वाकत नाही, त्याचं कारण पुढे येईल.) तुझे गुडघे कसे आहेत? मशीनवर बसून पाय सुजायचे ते थांबलं का? आतोबांचा खोकला गेला, की अजून ते डॉक्टरांकडे जायचं म्हणून निघतात आणि पेपर घेऊन परत येतात? इकडे आई बरी आहे. बाबा दुकानात फ्रेमच्या काचा कापत आहेत. धाकटीबद्दल शेवटी लिहिते, कारण एकदा ते लिहिलं की तू बाकीचं वाचणार नाहीस.

तुझा प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचला आणि प्रत्येक वेळी तुझ्याविषयी माझा आदर वाढला, आणि डोकंही दुखलं. मी "हो" लिहिलं, तर तू म्हणणार की गुणांना एवढं महत्त्व असेल तर धाकटीचं काही खरं नाही, ती जेमतेम काठावर पास झाली आहे, तिला कॉलेजात कशाला घालायचं. पाठव माझ्याकडे, गणवेशांना काजं-बटणं करील. मी "नाही" लिहिलं, तर तू म्हणणार की मोठीने एवढे गुण मिळवून काय दिवे लावले, त्या कॉलेजात काही दम नाही. पाठव माझ्याकडे, काजं-बटणं करील. म्हणजे कुठल्याही दारातून आत शिरलं तरी पोरगी तुझ्या दुकानाच्या खिडकीपाशी बटणांचा डबा मांडीवर घेऊन बसलेली. तू गणवेश शिवण्यात उगाच वेळ घालवलास, कोर्टात उभी राहायला हवी होतीस. आणि बाबा तर तुझ्या पत्राची वाट बघत बसले आहेत. "ताई म्हणेल तसं," एवढं एकच वाक्य ते गेले कित्येक दिवस बोलतात. (ताईला विचारल्याशिवाय त्यांनी आजवर दुकानाची पाटीसुद्धा रंगवलेली नाही, हे तुला माहीत आहे आणि तुला ते आवडतं.) धाकटी तेव्हापासून घरात पावलं न वाजवता चालते. कुठल्याही पोरीने आपल्या घरात असं चालू नये.

आता माझी हकिगत ऐक, म्हणजे उत्तर का येत नाही ते कळेल. निकाल लागला त्या दिवशी मी मैत्रिणींकडे गेले होते. परत आले तर बाबांनी गुणपत्रिकेला फ्रेम करून ठेवलेली. नुसती फ्रेम नव्हे. सागाची रुंद पट्टी, जाड काच, आत सोनेरी किनारीचा पुठ्ठा, आणि कागद फुगू नये म्हणून गुणपत्रिका मागच्या प्लायवूडला अख्खी चिकटवलेली, लग्नाच्या मोठ्या फोटोंना लावतात त्या पांढऱ्या डिंकाने. "आयुष्यभर दुसऱ्यांची माणसं भिंतीवर लावली, आता एक आपलं," असं म्हणाले आणि काच पुसत राहिले. मी हळूच विचारलं, "बाबा, ही काढता येईल ना?" ते म्हणाले, "मी लावलेलं कधी निघालंय का?" त्यांना वाटलं मी कौतुकच करते आहे. मूळ प्रत सुटी लागते, ठिकठिकाणी ती टेबलावर ठेवून दाखवावी लागते, हे आपल्या घरात कोणाला माहीत असणार? आधी कोणी पदवी घेतली असती तर माहीत असतं. पहिलं असण्याचा मान मिळतो तो असा, आत्या. दाराची चौकट आधी आपल्या कपाळाला लागते, मग मागचे वाकून येतात.

मी विद्यापीठाच्या कचेरीत दुसरी प्रत मागायला गेले. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "हरवली का?" म्हटलं, नाही. "फाटली? भिजली? जळाली?" म्हटलं, नाही हो, चांगली आहे, काचेत आहे. त्याने चष्मा काढला आणि म्हणाला, "मग बाई, तुमच्याइतकी सुस्थितीतली गुणपत्रिका या विद्यापीठात दुसऱ्या कोणाची नसेल. तुम्हाला अजून एक कशाला?" मी त्याला प्लायवूड, डिंक, बाबा सगळं समजावून सांगितलं. मागची रांग पुढे सरकून ऐकायला लागली. शेवटी तो आवाज खाली आणून म्हणाला, "हरवली असं लिहून द्या. सगळे देतात." मी म्हटलं, पण हरवली नाही. तो म्हणाला, "मग हरवून या." आत्या, तू हसशील, पण माझं पहिलं खोटं माझ्याच गुणपत्रिकेविषयी लिहायचं मला जमेना. मी घरी आले. नोकरीच्या अर्जाबरोबर तिचा फोटो काढून पाठवला, तर काचेत माझंच तोंड उमटलेलं आणि दोन विषयांचे गुण माझ्या नाकाखाली गेलेले. तिकडून उत्तर आलं की कृपया स्वतःचं छायाचित्र नको, गुणपत्रिका पाठवा. झेरॉक्सवाल्याने फ्रेम मशीनवर ठेवू दिली नाही. म्हणाला, मशीन माझं आहे आणि काच त्यालाही आहे.

म्हणून मी फ्रेम घेऊन मुलाखतींना जायला लागले. आईने तिला जुन्या चादरीची खोळ शिवली. बसमध्ये कंडक्टर म्हणायचा, आरशाचं वेगळं तिकीट लागेल. मी म्हणायचे, आरसा नाही, गुण आहेत. तो म्हणायचा, मग जपून धरा, लोकांना लागतील. (मानेचं कारण हेच. एकाच खांद्यावर सागवान वाहिलं की मान एका बाजूला धरते. धाकटी रोज तेल चोळते आणि म्हणते, ताई, मी कमी गुण मिळवले ते किती हलके आहेत बघ.)

पहिल्या ठिकाणी भिंतींना नवा रंग दिलेला होता. दारावरच्या पहारेकऱ्याने माझी खोळ बघून विचारलं, "फ्रेमवाले का?" आता आपण आहोतच फ्रेमवाले, मी हो म्हटलं. त्याने मला सरळ साहेबांच्या केबिनमध्ये पाठवलं. साहेब फोनवर होते. त्यांनी बोटाने भिंतीवरचा खिळा दाखवला. मी पुस्तकात वाचलं होतं की मुलाखत आपण दारातून आत पाऊल टाकतो तेव्हाच सुरू होते, म्हणून मी निमूट खोळ काढली आणि फ्रेम टांगली. त्यांनी फोनवर बोलता बोलता हात हलवला, थोडं डावीकडे. मी डावीकडे केली. थोडं खाली. खाली केली. मला वाटलं, सूचना कशा पाळते ते बघताहेत. शेवटी फोन ठेवून ते जवळ आले आणि म्हणाले, "मी सूर्यास्त सांगितला होता. हे काय आहे?" मी म्हटलं, हे माझे गुण आहेत. त्यांनी हात मागे बांधून, भल्या माणसाने वाचावेत तसे ते वाचले आणि म्हणाले, "चांगले आहेत. पण या रंगाच्या भिंतीवर शोभत नाहीत." तोवर पलीकडच्या खोलीतल्या मुलाखती संपून गेल्या होत्या. खरा सूर्यास्त जिन्यात भेटला. दोघं जण तो उलटा धरून वर आणत होते.

दुसऱ्या ठिकाणचे साहेब बसल्या बसल्या म्हणाले, "आम्ही गुण बघत नाही, माणूस बघतो. मी स्वतः दोनदा नापास झालोय." हे ते इतक्या अभिमानाने म्हणाले की मला माझ्या फ्रेमची लाज वाटली आणि मी ती खुर्चीमागे सारली. मग म्हणाले, "तुमचा एखादा दोष सांगा." मी चार सांगितले. (मला नाही म्हणता येत नाही, मला हो म्हटलेलं विसरता येत नाही, मी लोकांच्या चुका दुरुस्त करते, आणि नंतर त्याबद्दल माफी मागून पुन्हा दुरुस्त करते.) तिसऱ्यापाशी त्यांनी लिहायचं थांबवलं. म्हणाले, "अहो, लोक सांगतात की मी फार मेहनत करते हा माझा दोष." मी म्हटलं, तो दोष नाही, असं सांगणं हा दोष आहे. यावर त्यांनी खुर्चीमागे वाकून फ्रेम वाचली आणि म्हणाले, "एवढे गुण असलेली माणसं आमच्याकडे टिकत नाहीत. तुम्हाला दुसरीकडे चांगलं मिळेल, तुम्ही जाल." म्हटलं, साहेब, दुसरीकडे मिळालं असतं तर इथे आले असते का? ते म्हणाले, "बघा, आत्तापासूनच मन दुसरीकडे आहे." आता तूच सांग, यातून मी तुला हो कळवू की नाही? जे गुण बघत नाही म्हणाले त्यांनी गुणांमुळेच नाकारलं. ज्यांनी बघितले त्यांना सूर्यास्त हवा होता. त्या दिवशी मी घरी येऊन फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली. संध्याकाळी बाबांनी ती पुन्हा सुलटी केली आणि काच पुसली.

तिसरं ठिकाण म्हणजे लिफ्ट बसवणारी आणि दुरुस्त करणारी कंपनी. तिथे तक्रारींचे फोन घ्यायला माणूस हवा होता. इमारत जुनी, लिफ्टही जुनी, दोन जाळीचे दरवाजे असलेली. (गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करताना घरच्या लिफ्टची तब्येत बघायला कोणाला सवड नव्हती, तुझ्या आतोबांच्या सदऱ्याला बटण नसतं तसं.) मी शिरले तेव्हा आत एक बाई होत्या, गळ्यात दोरीचा चष्मा, हातात कागद, चेहऱ्यावर सकाळपासूनचा वैताग. मी माफी मागत फ्रेम उभी करून जाळीला टेकवली. लिफ्टला हिसका बसला, फ्रेम घसरली, तिची टांगायची कडी जाळीत अडकली आणि दरवाजा बोटभर सरकला. जुन्या लिफ्टचा दरवाजा बोटभर सरकला की ती जागच्या जागी थांबते. आम्ही दोन मजल्यांच्या मधोमध. वरच्या मजल्याची फरशी आमच्या डोळ्यांसमोर. बाई म्हणाल्या, "ओढ." मी ओढली. त्यांनी ओढली. दोघींनी मिळून ओढली. त्या म्हणाल्या, "कोणी बसवली ही कडी?" म्हटलं, माझ्या बाबांनी. "बरोबर बसवली आहे," त्या म्हणाल्या, पण कौतुक म्हणून नव्हे.

मग त्यांनी मोबाईल काढून कंपनीच्याच तक्रार नंबरावर फोन लावला. वरच्या मजल्यावर घंटी वाजायला लागली, ती आम्हाला थेट ऐकू येत होती. वाजून वाजून थांबली. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा वाजली. मी न राहवून म्हटलं, मॅडम, कोणी उचलत का नाही? त्या म्हणाल्या, "ती जागा रिकामी आहे." म्हटलं, हो, मी त्याच मुलाखतीला आले आहे. त्यांनी माझ्याकडे, मग फ्रेमकडे, मग जाळीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मीच घेणार होते ती." तेवढ्यात कोणीतरी फोन उचलला. रुबाबदार आवाज. "नमस्कार मॅडम, अजिबात काळजी करू नका. आमचा माणूस निघालेला आहे, दोन मिनिटांत पोहोचतोय." बाईंनी विचारलं, कुठून निघाला? "अगदी जवळच आहे मॅडम." बाई शांतपणे म्हणाल्या, "मी कुठे अडकले आहे ते तुम्ही अजून विचारलं नाही." पलीकडून फोन बंद. हा माझ्यासारखाच मुलाखतीला आलेला एक टायवाला होता, फोनजवळच्या खुर्चीवर बसलेला. आपली हुशारी दाखवावी म्हणून त्याने फोन उचलला. (नंतर तो जिन्यात भेटला. त्याचे गुण माझ्यापेक्षा जास्त आहेत. वर सुवर्णपदकही आहे, तेही सुटं, खिशात मावणारं. हे सगळं तू उत्तर ठरवताना लक्षात घे.)

वाचायला काही नाही आणि जायला जागा नाही, म्हणून बाईंनी चष्मा लावला आणि माझी गुणपत्रिका वाचायला घेतली. आत्या, एवढ्या फिरण्यात ती ओळीन् ओळ वाचणारं हे पहिलं माणूस. सगळी वाचून त्यांनी काचेवर एका जागी बोट ठेवलं. "या एका विषयात एवढे कमी कसे? आजारी होतीस?" म्हटलं, नाही. "घरी काही झालं होतं?" म्हटलं, नाही, घरी सगळं ठीक होतं. मला तो विषय कळला नाही. अजूनही नीट कळलेला नाही. त्यांनी चष्मा काढून गळ्यात सोडला. मग समोरच्या फरशीवरून एक बुटांची जोडी चालली होती तिला आम्ही हाक मारली, बूट खाली वाकले, आणि खालच्या टपरीवर चहा पीत उभा असलेला कंपनीचाच मेकॅनिक आला. त्याने बाहेरून फ्रेमच्या पट्टीतला कडीचा स्क्रू सोडवला. फ्रेम सुटली, कडी जाळीतच राहिली. अजून तिथेच आहे. मी रोज येता-जाता बघते.

रोज येता-जाता म्हणजे तुला कळलंच असेल. मजल्यावर पाय ठेवल्या ठेवल्या बाई म्हणाल्या, "सोमवारपासून ये. अडकलेला माणूस एकच विचारतो, किती वेळ लागेल. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, विचारून सांगते म्हणायचं, आणि खरंच विचारायचं. आधीचे सगळे जण सगळ्यांना दोन मिनिटं सांगायचे." माझ्या पर्समध्ये तुझं पत्र होतं, म्हणून मी धीर करून विचारलं, मॅडम, मला गुणांमुळे घेतलंत का? त्या म्हणाल्या, "मी तुझा सगळ्यात कमी आकडा बघून घेतलं." मला आनंद झाला, म्हटलं चला, आत्याला "नाही" कळवावं. तर केबिनचं दार लोटता लोटता त्या म्हणाल्या, "पण बाकीचे तसे नसते तर तो एक माझ्या नजरेत भरला नसता." दार बंद. आता मी काय करू? गुण होते म्हणून फ्रेम झाली, फ्रेम झाली म्हणून लिफ्ट अडकली, लिफ्ट अडकली म्हणून गुण वाचले गेले, आणि वाचले गेले ते कमी निघाले म्हणून नोकरी लागली. यात गुणांचा वाटा किती, बाबांच्या कडीचा किती आणि टायवाल्याचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही. ज्या विषयात मला कमी गुण मिळाले तो नेमका असली वाटणी करण्याचाच होता.

काल एका आजोबांचा फोन आला, कुठल्याशा दवाखान्याच्या लिफ्टमध्ये अडकलेले. किती वेळ लागेल, म्हणाले. मी म्हटलं, माहीत नाही, विचारून सांगते, फोन ठेवू नका. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "बरं." आणि मी विचारून येईपर्यंत खरंच फोन धरून थांबले. धाकटीचं पुढे काय होईल असं तू विचारशील तर माझं उत्तरही तेच आहे. माहीत नाही. ती माझ्याइतके गुण आणणार नाही, कदाचित काठावरूनच चालत राहील. पण काठावरून चालणाऱ्याला रस्ता लागत नाही असं थोडंच आहे? बटणं लावायला ती कधीही शिकेल, तुझ्यासारखी गुरू घरात असताना. कॉलेजची खिडकी मात्र ठराविक दिवसच उघडी असते.

आतोबांना नमस्कार. त्यांना या वेळी पेपर कितीही जवळ असला तरी डॉक्टरांकडेच जाऊ दे.

तुझी भाची
(मान वाकडी, बाकी ठीक)

ता. क. – खरं तर एका विनंतीसाठी हे पत्र लिहिलं. बाबांनी धाकटीच्या गुणपत्रिकेचं माप घेतलं आहे. सागाची पट्टीही निवडून ठेवली आहे, माझ्या फ्रेमपेक्षा रुंद. म्हणतात, गुण कमी आहेत, तेवढंच भरल्यासारखं दिसेल. आई सांगून थकली, मी सांगून थकले. ते फक्त तुझं ऐकतात. कृपा करून त्यांना ताबडतोब लिही की धाकटीची गुणपत्रिका चिकटवायची नाही. सध्या ती माझ्या ऑफिसच्या कपाटात आहे, पण बाबा रोज विचारतात.

ता. क. २ – गणवेशांच्या गर्दीत दर रविवारी आम्ही दोघी तुझ्याकडे येऊ. काजं मी करीन. धाकटी बटणं लावील, पण तिला दुसऱ्या कोणाच्या शेजारी बसव, माझ्या शेजारी बसली की नुसती हसते.

ता. क. ३ – तू विचारशील, पोरगी काजं-बटणंच करणार तर तिची गुणपत्रिका सुटी कशाला हवी? कारण कॉलेजच्या खिडकीवर मूळ प्रत सुटी मागतात. मागतात म्हणजे मागितली. सोमवारी कामावर जाण्याआधी तिला घेऊन गेले होते. बाबांनी सही करताना विचारलं, "ताईला कळवलंस?" मी म्हटलं, लिहिते आहे. ते खरंच होतं, तुझा कागद तेव्हा माझ्या पिशवीत होता आणि वर "तीर्थरूप आत्या" एवढं लिहून झालं होतं. पुढे काय लिहिणार ते त्यांनी विचारलं नाही, आणि न विचारलेलं मी आयुष्यात प्रथमच सांगितलं नाही. हे वाचते आहेस तेव्हा ती वर्गात बसलेली असेल, बहुतेक मागच्या बाकावर. घरात आता तिची पावलं वाजतात. एका शब्दात कळव म्हणाली होतीस, म्हणून कळवते.

झालं.